मेहुण्याचे दोन कॅसिनो

मेहुणा आपलं मत कधी विचारतो, सांगू? त्याचं ठरलेलं असतं तेव्हा. आमचा टोरांटोत असतो. दिवाळीला सिंगापूरला यायच्या तिकिटाचे पैसे ऑनलाइन कॅसिनोत वाढवायचं त्याने ठरवलं आणि फोन केला.

“भाऊजी, पहिला कॅसिनो शंभर टक्के बोनस देतो, दुसरा दीडशे. कोणता घेऊ?”

“आम्हाला बोनससाठी ऑफिससमोर घोषणा द्याव्या लागायच्या. हे आपणहून देतात?”

“हो. फक्त पहिल्याकडे तेवढी रक्कम पस्तीस वेळा पणाला लावल्याशिवाय तो काढता येत नाही. दुसऱ्याकडे पन्नास.”

मी सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या घरातून दोन्ही साइट उघडून पाहिल्या. इथल्या सरकारने दोन्ही बंद ठेवल्यात.

“बरोबरीत आहेत,” मी म्हणालो.

तेवढ्यात हिने फोन ओढून घेतला. “बाळू, पैसे इकडे पाठव. तिकीट मी काढते.”

“अगं ताई, पण...”

“हा तिसरा कॅसिनो समज. इथेही गेलेले पैसे परत मिळत नाहीत, पण जेवायला मिळतं.”