आरोपीची थोरली भावजय

समारंभाचे अध्यक्ष राजारामभाऊ, व्यासपीठावरचे साहेब, आज कचेरीतून निवृत्त होणारे प्रमोदराव, आणि पंख्याखालची जागा सकाळपासून धरून बसलेल्या आमच्या वाडीतल्या बायांनो, सगळ्यांना नमस्कार. मला अक्षर येत नाही. मी सांगितलं, माझ्या नातीनं उतरवलं. अडले तर कागद तिच्या हातात आहे.

प्रमोदरावांचे गुण मघापासून पुष्कळांनी सांगितले. त्यांची एक चूक सांगायला मला बोलावलंय, आणि बोलावलंय त्यांनीच. असा सत्कारमूर्ती कुणी पाहिलाय?

वनरक्षकाच्या खुनाचा खटला तुम्हाला ठाऊक आहे. खैराची चोरटी तोड, आणि त्यात तो माणूस गेला. बावीस वर्षांमागे मुंबईच्या पेपरात आमच्या वाडीचं नाव आलं. चुकीचं छापलं, पण आलं. शिक्षा झाली माझ्या धाकट्या दिराला, सखारामला. तो कुठं लपलाय हे पोलिसांना कुणीतरी गुपचूप सांगितलं होतं. ते कुणीतरी म्हणजे मी. पोलिसांनी आधी आमच्या वाडीतल्या बाबूला धरून नेला होता, ज्याचा कोयता गवतापलीकडे कधी गेला नाही. त्याची आई रोज माझ्या पायरीवर येऊन बसायची. तुम्ही काय केलं असतंत? सखाराम शिक्षा भोगून आला, चार वर्षं अंगणात बसला, गेला. त्याला कळलं नाही.

सात महिन्यांमागे सरकारनं त्या खटल्याचे सगळे कागद लोकांसाठी खुले केले. खबर देणाऱ्यांची नावं झाकायचं काम प्रमोदरावांकडे. त्यांनी माझं 'कमला' हे नाव असं काळं केलं, की उन्हात धरलं तरी दिसू नये. ते नाव माझ्या नवऱ्यालाही आठवावं लागायचं. शेजारी मात्र तसंच राहिलं: 'आरोपीची थोरली भावजय'. आता आरोपीला थोरला भाऊ एक, आणि त्या भावाला, माझ्या माहितीप्रमाणे, बायको एक.

ध्यानात आलं तसे प्रमोदराव घामाघूम होऊन आमच्या पडवीत.

"काकी, चूक माझी. तुम्ही तक्रार करा, मी लिहून देतो."

"ते राहू दे. मोबाइलवर आलंय?"

"कागद माझ्या हातून पुढं गेलेत. संध्याकाळपर्यंत येईल."

म्हणून मीच आधी उठले. सखारामची बायको गोदा, माझी धाकटी जाऊ, नारळ खवत होती. म्हटलं, "गोदे, ती खबर मी दिली होती."

"वैनी, बावीस वर्षं मी त्या मेल्याला शिव्या घातल्या. तू इथं बसून, चहा पीत ऐकल्यास?"

"ऐकल्या. काही फार चांगल्या होत्या."

ती हसली नाही. उरलेला नारळ खवून झाल्यावर म्हणाली, "जा आता." त्यानंतर बोलणं नाही. विहीर एक, पाण्याला जायच्या वेळा दोन.

प्रमोदराव, मी तक्रार केली नाही. बावीस वर्षांत मला जे तोंडानं सांगवलं नाही, ते तुमच्या चुकीनं एका दुपारी सांगायला लावलं.

गोदा आज आली आहे. मी बोलावलं नव्हतं. बोलतच नाही तर बोलावणार कशी? मी मागे लांब बसले होते. माझं नाव पुकारलं, तिच्या रांगेवरून पुढं आले, तेवढ्यात तिनं शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. कुणी बाई तिथं बसायला आली, तर म्हणाली, "हितं नको. आमची वैनी बसायचीय."

तेव्हा प्रमोदरावांना पुढचं आयुष्य सुखाचं जावो. अध्यक्षांचे, मंडळींचे आभार. कुणाला मान द्यायचा राहिला असेल तर म्हातारीवर राग धरू नका. मी जाऊन बसते.