खोडाळ्याच्या वाचनालयातला विसराळू संगणक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालय समितीचे प्रमुख माननीय रघुनाथजी वातास, जव्हार-मोखाड्याहून मुद्दाम आलेले व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या ग्रंथपाल रंजनाताई भोये, आणि बाजाराचा दिवस असूनही पिशव्या खुर्चीखाली सरकवून बसलेल्या माझ्या वाचक बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला आठ मिनिटं दिली आहेत आणि हातातलं घड्याळ काढून टेबलावर माझ्याकडे तोंड करून ठेवलं आहे. माझं शिक्षण संस्कृतचं, धंदा वार्ताहराचा. पहिल्यामुळे वाक्य लांबतं, दुसऱ्यामुळे ते ऐनवेळी कापावं लागतं. तेव्हा सुभाषितं गाळतो. टाळ्या नकोत, मी थांबणार नाही.

रंजनाताईंचा एकतीस वर्षांचा एकच नेम: कोण काय वाचतं, हे वाचकानं स्वतः सांगितलं तरच दुसऱ्याला कळावं. एका निवडणुकीच्या आधी कायद्याचं एक जाडजूड पुस्तक कुणीतरी घरी नेलं. मला बातमीचा वास आला. कोणी नेलं, म्हणून ताईंना विचारलं. त्यांनी चहा दिला. पुन्हा विचारलं, दुसरा चहा दिला. तिसऱ्यांदा विचारलं नाही, मला पित्ताचा त्रास आहे. बायको काय वाचते हे बघायला आलेल्या नवरोबांनाही त्यांनी रजिस्टर कधी दाखवलं नाही.

मग आपल्याकडे देणगीतला संगणक आला. कोणत्या कंपनीची प्रणाली होती ते सांगत नाही. सांगितलं तर घरी पोचेपर्यंत माझ्या मोबाइलवर तिचीच जाहिरात येईल. सर्वज्ञता हा ईश्वराचा गुण, असं आम्हाला शिकवलं होतं. तो जाहिरातवाल्यांकडे कधी वर्ग झाला, कळलंच नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. इथल्याच पाड्यावरची नवशी दर गुरुवारी येऊन त्या संगणकावर नर्सिंगच्या प्रवेशाची माहिती वाचायची. अर्ज अर्धा भरून झाला होता. घरी बोलली नव्हती. योग्य वेळ बघून सासऱ्यांना स्वतः सांगणार होती. पण एका शुक्रवारी तिचे सासरे तुळशीदासबाबा सातबारा बघायला त्याच खुर्चीत बसले. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली. बाबा वाचतात, पण एकेक अक्षर लावून आणि मोठ्यानं. भरलेल्या वाचनालयात त्यांनी वाचलं, "नवशी, तुमचा नर्सिंगचा अर्ज अपुरा आहे."

मी समोरच पेपर वाचत होतो. पेपर खाली घ्यायचा धीर झाला नाही.

बाबा ताईंकडे वळले. "या डब्याला आमचे सुनेचा नाव कोनी सांगला?"

नाव नवशीनंच टाकलं होतं, फॉर्मवर टाकावंच लागतं. ते जपून ठेवून पुढच्या माणसाला वाचून दाखवा, असं मात्र ती म्हणाली नव्हती. पुढचे तीन गुरुवार नवशी आली नाही. अर्जाची मुदत महिन्यावर आली होती.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, यंत्र आहे, चालायचंच. ताई म्हणाल्या, "नेम माझा होता, तो माझ्या टेबलावर मोडला." एसटीनं जव्हारला गेल्या, कारण इथलं नेट तुम्हाला ठाऊकच आहे. एका पेनड्राइव्हमध्ये लिनक्स घालून आणलं आणि जुनी प्रणाली पुसून ते आपल्या संगणकावर बसवलं. म्हणजे काय, तर जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली प्रणाली, जिच्या आतलं सगळं उघडं असतं. कुणीही बघावं, बदलावं, वाटावं. गंमत बघा, स्वतः उघडी आहे म्हणून ती आपल्याला झाकू शकते! क्षमा करा, माझा आवाज चढतो. बावन्नाव्या वर्षी मीही ती माझ्या लॅपटॉपवर घातली आणि चालू झाली तेव्हा खुर्चीतून उठून नाचलो. बायकोला वाटलं, झुरळ.

आठ दिवस प्रिंटर चालला नाही. लोकांनी ताईंना काय काय ऐकवलं, ते ऐकवणारे इथे बसले आहेत. समितीत आपले अध्यक्ष म्हणाले, फुकटातलं बिघडलं तर जबाबदार कोण? ताईंनी विचारलं, विकतचं बिघडलं होतं तेव्हा कोण होतं? अध्यक्ष हसताहेत, म्हणजे माफी मिळालेली दिसते. नवव्या दिवशी प्रिंटरनं कागद ओढला. सगळ्यात मोठी सोय म्हणजे पाहुण्यांचं खातं: बसा, काम करा, उठताना बंद करा, तुम्ही तिथे बसला होतात हे त्या यंत्राच्या ध्यानात राहत नाही.

मग ताई नवशीच्या घरी गेल्या आणि सासरे-सून दोघांना वाचनालयात घेऊन आल्या. अर्जाबद्दल चकार शब्द काढला नाही. आधी नवशीला बसवलं. तिनं जे वाचायचं ते वाचलं, बंद केलं, उठली. मग बाबांना म्हणाल्या, "आता तुम्ही बसा आणि हिचं नाव शोधून दाखवा."

बाबांनी अर्धा तास शोधलं. प्रत्येक कोपरा बघितला. शेवटी पडद्यामागे वाकूनही बघितलं. नाव नव्हतं. मग ते सुनेला म्हणाले, "शिकतेस त्याचा राग नाय. डब्याला आधी कळला, मला मागून. त्याचा आहे."

नवशीनं तेव्हा सांगितलं. सगळं, स्वतःच्या तोंडानं, उभी राहून. बाबा उठून बाजारात गेले. ताईंनी मला चहा दिला, मी काही विचारलं नव्हतं तरी. तंबाखूची पुडी घेऊन बाबा परत आले आणि दारातूनच म्हणाले, "तारीख कधी आहे त्या अर्जाची?"

मुदतीला दोन दिवस होते. अर्ज गेला. आज नवशी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे.

आता तुमच्यापैकी काही जण चुळबुळताहेत. जिनं एकतीस वर्षं कुणाचं गुपित फोडलं नाही, तिच्याच निरोपाला हा गृहस्थ एका मुलीची कथा माइकवर सांगतो? रास्त आहे. वर्षभर ही बातमी माझ्या खिशात होती. ताईंनी ती छापू दिली नाही. म्हणाल्या, ती तुमची नाही, माझीही नाही. म्हणून काल मी नवशीला होस्टेलवर फोन केला. म्हटलं, नाव न घेता सांगू का? ती म्हणाली, "नावासकट सांगा, काका. आता मीच सांगते आहे ना."

रंजनाताई, ही परवानगी तुम्हाला निरोपाची भेट म्हणून देतो. याहून चांगली मला आणता आली नाही. वाचनालयानं बोलावलं, तुम्ही उन्हात बसून ऐकलंत, मी ऋणी आहे. कुणाला टोमणा जास्त लागला असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर ते पोटात घाला. अध्यक्षमहाराज, अकरा मिनिटं झाली. तेवढंही पोटात घाला. नमस्कार.