बटणाएवढी वाट

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी गिळलं, काका—बरोब्बर दहा वीस, फोनमध्ये अजून दिसतंय—म्हणजे घड्याळात, घड्याळात बघितलं होतं मी. आणि काचेला हात लावत नव्हते हो, नुसतं बटण टेकवत होते. हे बघा, पांढरं, चार भोकांचं. आमच्या छकुलीच्या पोटात गेलंय ते अगदी याच्याच जोडीचं. म्हटलं, ह्या काचेतल्या बाबाचं पोट उघडंच आहे, तर आतड्यावर धरून बघावं, मावतंय का. हसलात, पाहिलं मी. हसा. दिवसभर कातडी नसलेल्या माणसाशेजारी स्टुलावर राखण करत बसायचं, तेवढंच हसू तुमच्या वाट्याला. घरी गेल्यावर जेवण जातं ना? जातं, जातं—पोटावरून कळतंय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आपोआप पडेल, दोन-तीन दिवस लंगोट बघत राहा. प्लास्टिकचं, म्हणून एक्स-रेच्या फोटोतही दिसेना. आज बुधवार. सोनार दुकानातला केर चाळतो ना, तसे लंगोट चाळतेय मी. मिळालं काय? केळ्याचे धागे! पोरगी मजेत आहे—खातेय, झोपतेय. मीच झोपत नाही. आणि मी पडले सातवी शिकलेली. पुस्तकात पोटाचं चित्र होतं, तेही आमच्या बाईंनी सरसर उरकलं, परीक्षेला येत नाही म्हणून. मग बसवर तुमच्या ह्या मृतदेहांच्या प्रदर्शनाची जाहिरात दिसली. म्हटलं, चित्र कशाला, खरंच बघू. त्या पाटीवर काय लिहिलंय हो? लहान आतडं वीस फूट? वीस! तीन दिवसांत गोगलगायसुद्धा पोचली असती. काय म्हणता, लहान मुलाचं कमी असतं? असणारच, चौदा महिन्यांची पोर ती. पण मग अरुंदही असेल की—बघा, एका हातानं देता आणि दुसऱ्या हातानं काढून घेता.

बटण कुणाचं? सासूबाईंचं. लोकांचे कपडे शिवतात त्या, बटणांचा डबा त्यांचाच. घरात सगळे त्यांनाच बोलले. दीर तर म्हणाले, नजर अधू झाली, आता पुरे करा ते मशीन. आणि त्यांनाही खरंच वाटतंय, डबा आपणच खाली विसरलो. तीस वर्षं चाललेलं मशीन, सोमवारपासून त्याच्यावर चादर. समोरच्या बाईंचं झंपर तसंच पडलंय, एक बाही लावलेली, एक नाही. डबा काही खाली नव्हताच, वरच्या फळीवर होता—

नाही, म्हणजे—छकुलीचा हात कसा पोचेल? अजून भिंत धरून चालते ती. काका, तुम्ही भारी आहात हं. फारसं बोलत नाही आणि नेमकं तेवढंच विचारता. दिला कुणीतरी. खुळखुळा म्हणून. मी दिला. आईचा फोन आला होता, कितीक दिवसांनी, आणि ही एकसारखी किरकिर करत होती. म्हटलं, दहा मिनिटं सुखानं बोलू दे. झाकण लागलेलं होतं, देवाशप्पथ! आणि दवाखान्यात बाईंनी विचारलं, डबा कुणाचा, तर मी म्हटलं, सासूबाईंचा. खोटं काय होतं त्यात? तेच तर. खोटं काहीच नव्हतं.

ठरवलं होतं, बटण पडलं की सांगेन. पडलं की सगळे हसतील, त्या हसण्यात माझंही खपून जाईल. पण ही एवढी वळणं बघितली आणि वाटलं, हे काय आज येतंय? तोवर त्या बिचाऱ्या रोज दहा वेळा चष्मा पुसणार.

त्या बाहेरच आहेत, तिकिटाच्या खिडकीजवळच्या बाकावर, जाड चष्मा, मांडीवर छकुली. आत यायला तयार नाहीत—मेल्यावर तरी माणसाला झाकून ठेवा म्हणतात. माझं एक काम करा, काका. तोंडानं माझ्या निघत नाही. तुम्ही जाऊन सांगा, डबा सुनेनं दिला होता. एवढंच. परक्यासमोर त्या ओरडायच्या नाहीत. आणि काय बोलायचंय ते तुमच्याजवळ नको, इथे येऊन मलाच बोला म्हणावं. छकुलीला जरा तुम्ही धरा. डोळे मिटून या म्हणावं, मी हात धरते.

जा ना.