सर्व्हेवाला यायच्या आत

तुम्हाला छापायला म्हणून मी आधी वहीत लिहून ठेवलं होतं, चार पानं झाली होती, पण तुम्ही म्हणालात वाचून दाखव, तर माझंच लिहिलेलं मोठ्याने वाचायची मला लाज वाटली, म्हणून आता बोलतेच, तुम्ही घ्या लिहून. हळू बोलते हां ताई, हे आत झोपलेत, दुपारची गोळी घेतली की तासभर झोपतात.

माझं माहेर मंडणगडकडचं. आई तिथल्या सरकारी दवाखान्यात झाडलोट करायची. वडील मी लहान असतानाच गेले. मी चौथीपर्यंत शिकले, पुढची शाळा लांब होती आणि आईला हाताखाली कुणीतरी पाहिजेच होतं. दवाखान्याची तपासणी असायची, जीपमधून साहेब यायचे, मग आदल्या दिवशी पहाटेपासून आई आणि मी जुंपलेल्या, फरशी घासायची, बादल्या घासायच्या, माणसं डोकं टेकून बसतात ना, तिथे भिंतीला तेलाचे डाग पडतात, ते सोड्याने काढायचे. आई म्हणायची, साहेबाला बोट ठेवायला जागा राहता कामा नये, आपल्या माणसांवर बोट ठेवायला लोक टपलेलेच असतात. आपल्या माणसांवर म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल, आमची वस्ती गावाबाहेर, घरात बुद्धाची तसबीर. साहेब यायचा, एक चक्कर मारायचा, ठीक आहे म्हणायचा, आणि तेवढ्यावर आई आठ दिवस खूश. मी तेच शिकले बघा. दुसरं काही शिकले नाही.

लग्न होऊन मुंबईत आले. हे फोर्टला एका ऑफिसच्या कँटीनमध्ये आचारी होते. कँटीन बंद झाली तेव्हा आम्ही इकडे भाईंदरला आलो आणि इंद्रलोकच्या पुढे खारीच्या रस्त्याला एक गाळा भाड्याने घेतला. गाळ्याची मालकीण खारीगावातली म्हातारी, सगळे तिला आजी म्हणायचे. पोहे, उपमा, मिसळ, दुपारी पोळी-भाजी. माणसं ठेवलीच नाहीत, हे पुढे आणि मी मागे. गिऱ्हाइकांसमोर यायचं म्हटलं की मी आणखी मागे सरायचे. कुणी विचारलं, काका, मिसळ कोण बनवतं, तर हे म्हणायचे, हात माझा, चव मालकिणीची, मालकीण मोरीत लपलीय. लोक हसायचे आणि मी खरंच मोरीत तोंड घालून भांडी घासत बसायचे.

हॉटेलच्या पाटीवर माझ्या आईचं नाव होतं. ते यांनीच घातलं, मी सांगितलं नव्हतं. गल्ल्याच्या वर बुद्धाची तसबीर. ती बघून नुसतं पाणी पिऊन उठून गेलेली माणसंही मी बघितलीत, आणि ती बघूनच आत आलेलीही बघितलीत. म्हणून मी आणखी घासायचे. एकदा महापालिकेचा माणूस किचन बघायला आला, तो म्हणाला, मावशी, तुम्ही इथे जमिनीवर वाढलंत तरी मी जेवेन. मला त्या दिवशी आईची फार आठवण झाली.

हां, विम्याचं सांगते. मेहुलभाई म्हणून एक एजंट रोज सकाळी उपमा खायला यायचा, तो यांच्या मागेच लागला. हे म्हणायचे, अरे भाई, माझ्याकडे आहे काय, दोन शेगड्या आणि एक डीप फ्रीज. तो म्हणायचा, काका, वही तो जलता है. हॉटेलवाल्यांचा विमा वेगळा असतो म्हणाला, आग, चोरी, किसी को खाना खाके कुछ हो गया तो वो भी. हे म्हणाले, आमचं खाऊन कुणाला काही होत नाही, तू रोज खातोस, तुला झालं का काही? तो म्हणाला, हुआ ना, आदत हो गयी. असं हसत हसत घेतला विमा. कागद इंग्रजीत, हा एवढा जाड, मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी तांदळाच्या डब्यावर ठेवला आणि दर आठवड्याला पिशवीवरची धूळ पुसायचे. आतलं यांनीही वाचलं नाही.

आग भर दुपारी लागली. डीप फ्रीजच्या मागे वायर जळाली, मग फळी पेटली, फळीवर तेलाचे डबे. यांनी मला ढकलून रस्त्यावर काढलं आणि परत आत गेले, कारण सिलिंडर आत होता आणि वर बिल्डिंगमध्ये माणसं होती. सिलिंडर ओढत बाहेर आणला, दोन्ही हातांनी, तापलेला. वरच्यांपैकी कुणाला काही झालं नाही. यांचे हात गेले.

हे दवाखान्यात, मेहुलभाई बहिणीच्या लग्नाला गावी गेलेला. फोनवर म्हणाला, काकी, टेन्शन मत लो, मैंने कंपनी को बता दिया है, तीन-चार दिन में सर्व्हेवाला आएगा, वो सब देखेगा, फिर क्लेम मिलेगा. मला विचारायचं होतं की तोपर्यंत मी काय करायचं, पण मागे बँड वाजत होता, तो घाईत होता. हो म्हटलं आणि ठेवला. क्लेम मिळाला तर हॉटेल परत उभं राहणार, नाही तर नाही, एवढं मला पक्कं कळलं होतं. आणि सगळं बघणार, हे डोक्यात राहिलं.

काय सांगू ताई तुम्हाला. सगळं बघायला माणूस येणार म्हणजे तपासणीच ना.

सकाळी यांना पेज भरवायची, मग येऊन शटर वर करायचं. भिंती काजळीने अशा काळ्या की हात लावला की हात काळा. मी सोडा आणला, काथ्या आणला, वरपासून खालपर्यंत घासलं. जळलेला डीप फ्रीज, वितळलेला मिक्सर, शेगड्या, वाकड्या झालेल्या खुर्च्या, सगळं भंगारवाल्याला बोलावून देऊन टाकलं. जळलेले तांदूळ, डाळी, मसाले कचऱ्याच्या गाडीत. तिसऱ्या दिवशी चुन्याचे दोन हात मारले. आजी दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, अगो पोरी, कशाला घासतंस, काय रायलंय हितं? मी म्हटलं, आजी, माणूस येणार आहे बघायला. ती म्हणाली, जललेला बघाया येनार ना तो, का हितं लगीन हाय? मी हसले. म्हातारी आहे, काहीतरी बोलते, असं मला वाटलं. ताई, त्या म्हातारीला कळत होतं आणि मला कळलं नाही.

सर्व्हेवाला आला त्याच सकाळी यांना घरी सोडलं होतं. ऐकेनात, दोन्ही हातांना कोपरापर्यंत बँडेज घेऊन थेट गाळ्यावर आले. आत पाऊल टाकलं आणि उभेच राहिले. भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेजारच्या दुकानातून आणलेल्या खुर्चीवर बसले.

सर्व्हेवाला तरुण होता, मराठीच, नीट बोलणारा. त्याने चारी बाजूला बघितलं आणि विचारलं, काकू, आग कुठे लागली होती? ताई, मला आधी वाटलं तो कौतुकच करतोय. मी पदर सावरला. मग त्याने विचारलं, फ्रीज कुठाय? जळालेला माल? वायरिंग? आणि पांढऱ्या भिंतीचे फोटो काढत राहिला. म्हणाला, फायर ब्रिगेडच्या कागदावरून आग लागली हे कळतं, पण काय जळलं, कशाने जळलं, हे मी कशावरून लिहू? पॉलिसीत लिहिलेलं असतं, आम्ही बघेपर्यंत काही हलवायचं नाही. कुणी साफ करायला सांगितलं हे?

मी चहाचा कप घेऊन उभी होते. बोलायचं होतं. मी केलं, मला माहीत नव्हतं, एवढंच बोलायचं होतं. हे म्हणाले, मी सांगितलं.

तो म्हणाला, काका, विचार करून बोला, मला हे लिहावं लागेल. हे म्हणाले, लिहा. दवाखान्यातून मीच सांगितलं, तिचा काही संबंध नाही.

त्याने लिहिलं. वाचून दाखवलं, की मालकाने स्वतः सांगून जळालेलं सामान हलवलं. मग म्हणाला, सही करा. यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. तेव्हा तो म्हणाला, काकू, तुम्ही करा यांच्या वतीने. आणि मी केली, ताई. चौथीत शिकलेली ती सही, ओळीवर नीट, एक अक्षर ओळीखाली जाऊ दिलं नाही. कप तेवढा खाली ठेवला.

दोन महिन्यांनी पत्र आलं, क्लेम मिळणार नाही म्हणून. मेहुलभाईने वाचलं आणि कपाळाला हात लावला. काकी ने अनजाने में किया, ऐसा लिखते तो मैं कुछ लड़ता, म्हणाला, यहाँ तो काका ने खुद फाँसी लगा ली. वर तक्रार करता येते म्हणाला. त्यासाठी यांना लिहून द्यायला लागणार होतं की मी खोटं बोललो, बायकोने केलं. हे म्हणाले, तिला कुठे उभी करू मी, चार माणसांसमोर तिला बोलता येतं का? मी म्हणायला पाहिजे होतं की येतं. मी भाजी निवडत बसले. मुदत गेली. मेहुलभाई अजून फोन करतो सणावाराला, हे उचलत नाहीत. आजीने तीन महिने वाट बघितली, मग तिच्या मुलाने गाळा दुसऱ्याला दिला. आता तिथे केकचं दुकान आहे. भिंत गुलाबी केलीय.

यांची बोटं मिटत नाहीत. झारा धरता येत नाही, चमचा धरतात कसाबसा. माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं असं मला वाटतं, पण ते कुणाला सांगणार.

मी आता सिल्व्हर पार्कला एका मोठ्या हॉटेलात भांड्यांना जाते. बार पण आहे तिथे. मागच्या महिन्यात तिथे तळायच्या मशीनला आग लागली, लगेच विझली, पण मशीन गेलं, वरची चिमणी गेली. मॅनेजर पोरांना ओरडला, चलो, जल्दी साफ करो, शाम को पार्टी है. पोरांनी फडकी घेतली, आणि मी ओरडले. हाथ मत लगाओ. एवढ्या मोठ्याने, की सगळे थांबले. मालिक को बुलाओ, विमावाले देखने तक कोई हाथ नहीं लगाएगा. माझा आवाज असा आहे, हे मलाही तेव्हाच कळलं. मालक आला, म्हणाला, मावशी सही बोलती है, आणि दोन दिवस तेवढं किचन तसंच काळं ठेवलं.

त्यांना क्लेम मिळाला. मालकाने मला पेढ्यांचा बॉक्स दिला. घरी आणला तर हे विचारतात, कसले पेढे? मी म्हटलं, मालकाला नातू झाला. त्यांनी चमच्याने पेढा तोडून खाल्ला, म्हणाले, चांगलाय, मालकाला माझ्याकडून अभिनंदन सांग. मी बरं म्हटलं.

त्या मालकाचं भलं होवो, माझं काही म्हणणं नाही. कुणाचंही किचन जळू नये. आणि जळलंच, तर बायांनो, येणाऱ्याला तसंच काळं बघू द्या, लाजू नका.

उठले वाटतं हे, खोकला ऐकू आला. चहा टाकायला पाहिजे. एवढंच होतं, ताई. खाली माझं नाव नका घालू, आणि सहीही नका मागू. एकदा केली तेवढी पुरे.