एकाच फाइलीची तारीख

नाही जी काका, आधी तारीखच खटकली मला. इंदूनं सोबत नेली तिचीच नक्कल, कपाटात ठेवलेली जादा फ्लॉपी, आज सकाळी लावली, फाइलींची यादी पडद्यावर आणली — सगळ्यांसमोर एक जानेवारी ऐंशी, आणि एकीसमोर परवाची, सोळा ऑगस्ट अठ्ठ्याऐंशी! — लागला का छिंदवाड्याचा ट्रंक कॉल? अर्जंट लिहिला ना तुम्ही? — आमच्या कॉलेजातला कॉम्प्युटर सुरू केला की रोज तारीख विचारते, त्याला स्वतःची आठवणच नाही. पोरं, इंदू, सर, सगळे नुसतं बटण दाबून पुढे जातात, मग तो ऐंशी साल धरून बसते. खरी तारीख टाकते कोण? मी. एकटी मीच. सवय आहे मला —

बाई गं! कुठली घंटी ती? आपला कॉल नाही ना? दचकलीच मी.

पहा न, डिप्लोम्यात नवा पाठ येऊन राहिला — कॉम्प्युटर सांभाळायचा कसा, पासवर्ड कसा ठेवायचा, आपल्या फाइलीला कोणी हात लावला हे ओळखायचं कसं. सुचवलं कोणी? मी! चहा पिताना, इंदूलाच. 'तारीख पाहायची इंदू, तारखेवरून माणूस सापडते' — माझे शब्द. आणि सर म्हणतात, पुष्पा, तू घाबरते, कमेटीसमोर इंदूच बोलेल. बोलेल ना! नवी साडी नेसून गेली सरांसोबत छिंदवाड्याला सकाळच्या बसनं, माझीच छत्री घेऊन. आणि पाठाच्या फाइलीचा पासवर्ड काय, तर रामाकोना, तिचं गाव! कोणीही उघडेल. मी तर सहजच — म्हणजे कोणीतरी उघडली असेल, असं म्हणून राहिली मी —

असं पाहू नका ना काका. शेवटचं एक पान पुसलं फक्त. कमेटीला करून दाखवायचं पान. वाटलं, अडखळू दे जराशी, एकदाच. पण आता अडीच झाले, तीनला कमेटी. ती सगळ्यांसमोर यादी आणेल, सर तारीख पाहतील — आणि खरी तारीख टाकणारी तर एकटीच. एवढंच सांगायचंय तिला, यादी दाखवू नको, पान माझ्याजवळ आहे, मी वाचते, तू उतरवून घे. पुसायच्या आधीच लिहून घेतलं होतं मी कागदावर, अक्षर न् अक्षर. हे पहा. नाहीतर पुसायला हात धजला असता का माझा —

लागला? द्या, द्या इकडे! हॅलो — इंदू? मी, पुष्पा — काय? तारीख पाहिली तू? माझ्याच फोनची वाट —

काका, जरा बाहेर बसता का तुम्ही.