पल्लवीची दाढ

मी सुनंदा. माझं माहेर उर्से गावाच्या शेजारचं, डोंगराकडंला, थोडी भातशेती व्हती. आमी पाच भावंडं. दात घासायचं म्हंजी काय, चुलीतली राख न्हाईतर कडुलिंबाची काडी, बाप पुढं आनि आमी मागं, वढ्याला जायाचं आनि तितंच चूळ भरायची. पन आमच्यात दात कुनाचा किडला न्हाई, कारन गोड मिळायचंच कुटं, सणाला गुळाचा खडा मिळाला तर मिळाला. हे मला आता कळतं, तवा न्हवतं कळत.

लगीन होऊन कामशेतला आले. मालक तळेगावला कंपनीत, आनि मी लोनावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला, अजून तितंच हाय. काम चांगलं हाय, बायका चांगल्या हायत. चिक्की लाटून कापली की कडंचे तुकडे मोडत्यात, ते आमाला घरी न्यायला मिळत्यात. आता तुमीच सांगा, दिवसभर लेकरू सासूपाशी सोडलेली आई रिकाम्या हातानं कशी जाईल? पल्लवी माझी थोरली, तीनएक वर्साची असंल, दारात उभी ऱ्हायाची, आनि माझ्याकडं न्हाई बघायची, पिशवीकडं बघायची. मला लय गोड वाटायचं ते. जेवन झालं तरी तिला तुकडा पायजे, गालात धरूनच झोपायची. मी म्हनायचे, गप झोपती ना, झोपू द्या.

आदी पुढचे दात काळे पडले. मग मागं दाढंला भोक. अंगनवाडीच्या ताई म्हनल्या, सुनंदा, हिला दाखव कुटंतरी. मला रागच आला. म्हनलं दुधाचे दात हायत ते, पडायचेच हायत, पडनाऱ्या दाताला कोन डाक्टर करतं? सासूबाई बी तेच म्हनायच्या. दुखलं की आपल्या डबीतली मिश्री घ्यायच्या आनि पोरीच्या दाढंत भरायच्या, की पोर गप. तंबाखूची मिश्री, एवढ्याशा तोंडात. आमाला त्यात कायच वाटलं न्हाई बघा.

साडेपाच वर्साची असताना एक दिस सकाळी उठली तर गाल सुजून डोळा मिटलेला, अंग तापलेलं, पानी बी गिळंना. मी कामाला खाडा केला, तिला खांद्यावर टाकली आनि गाडीनं तळेगावला नेली. दाताच्या दवाखान्यात मॅडम व्हत्या, तरन्या, माझ्या धाकट्या बहिनीएवढ्या. त्यांनी इचारलं, काय काय खाती ही? मी म्हनलं काय न्हाई, भात, भाकरी, वरन, घरचंच. तर ही पोर, तोंड नीट उघडंना तिला, तरी बोलली, आई रोज चिक्की आनती.

वर बघू का खाली बघू झालं मला. माझ्याच पदराला पाकाचा वास येत व्हता. मॅडम रागावल्या न्हाईत, रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हनल्या, ताई, कधी मधी चिक्की खाल्ली तर बिघडत न्हाई, पन झोपेत रातभर दाताला चिकटून ऱ्हाती, त्यानं दात पोखरतो. दुधाची दाढ दहा-अकरा वर्सांपतुर लागती, चावायला बी लागती आनि पक्क्या दाताची जागा धरून ठेवायला बी. आत पू झालाय, अजून थांबला असता तर जिवावर बेतलं असतं. औषध दिलं, सूज उतरल्यावर परत बोलावलं, आनि दाढ काढली. सुई बघून पल्लवीनं माझा अंगठा गच्च धरला. ती न्हाई रडली, मी रडले.

त्या दिसापासनं तुकडा घरात आनला न्हाई. आठ दिस पोरीनं पिशवी उलटी करून बघितली, फेकली, रुसली. मी फुटाने आनायचे, पेरू आनायचे, करवंदांच्या दिसात करवंदं. सकाळी आनि झोपायच्या आदी तिला मांडीवर घ्यायचं, वाटान्याएवढी पेस्ट, आनि मी स्वतः घासायची, मॅडमनी सांगितलं व्हतं की सात-आठ वर्सांपतुर लेकराला नीट जमत न्हाई, आईनंच घासावं. घासल्यावर फकस्त पानी. सासूबाई म्हनायच्या, आमी काय ब्रश घेऊन जल्माला आलो व्हतो का. पन मिश्रीची डबी फळीवर वर ठेवायला लागल्या, पोरीच्या हाताला लागू न्हाई म्हनून. त्यांची त्यांना सुटली न्हाई, ऱ्हाऊ द्या, म्हातारं मानूस.

धाकटी माझी, अन्वी, आता सहाची हाय. तिचा एक बी दात किडका न्हाई. शाळेत तपासनीला आले तवा डाक्टर म्हनले, कुनाची पोरगी ही? मी तितंच उभी व्हते.

पल्लवी तेरा वर्साची झाली. त्या दाढंची जागा मिटून गेली, म्हनून तितला पक्का दात वर चढून वाकडा आला. मॅडम म्हनत्यात तार लावता येईल, बघू, लावू. पन फोटू काढताना ती ओठ मिटून घ्यायची. परवा न ऱ्हावून म्हनलं, बाई, तुजा दात माझ्यामुळं वाकडा आला. ती अन्वीचे दात घासत बसली व्हती, मला येळ न्हाई झाला की तीच घासती. वर न बघताच म्हनली, आई, तू काय मुद्दाम केलंस व्हय, तुला म्हाईत न्हवतं. आनि अन्वीला वरडली, आ कर मोठा, मागच्या दाढा ऱ्हायल्यात. अन्वीच्या तोंडातला फेस हिच्या नाकावर उडाला, आनि दोघी अशा हसल्या, तोंडभरून, वाकड्या दातासकट. मी भाकरी थापता थापता बघत ऱ्हायले. तव्यावरची करपली, करपू द्या म्हनलं. तुमच्या बी लेकरांचं असंच हसू ऱ्हावं.