उभं राहून मागायचा नियम

मी महाळुंग्याचा, जन्म हितलाच, बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा, म्हणून मिसरूड फुटलं न फुटलं तोच पलटणीत भरती झालो. ब्रह्मदेशाच्या लढाईतनं जिता परत आलो, नाईक होऊन आलो, एवढंच. पंचक्रोशीत आमी अकरा माजी सैनिक, एकाचंबी अंग धड न्हाई. मग मंडळ काढलं. पेन्शनीच्या दिवशी चाकणच्या पोस्टातनं भाईर पडलं की प्रत्येकानं आठ आणे माझ्याकडं द्यायचे. खजिनदार मीच, मला लिवता येत व्हतं ना.

नियम असा की ज्याला अडचण हाय त्यानं बैठकीत समद्यांम्होरं उभं राहून मागायचं. आमाला वाटलं, ह्यानं लबाडी व्हणार न्हाई. लबाडी झाली न्हाईच, पर काय सांगू तुम्हाला, चार वर्सं कुणी उठलंच न्हाई. पैशाचा डबा भरला, मग पोस्टात खातं काढलं, आन आमाला त्या शिलकीचा लई अभिमान.

आमच्यात धोंडिबा व्हता, एका पायानं अधू. त्याच्या बायकोला, सोनाईला, खोकला लागला. डॉक्टर म्हनला क्षय हाय, पुण्याला न्या, सुया लागतील. धोंडिबानं शेळ्या इकल्या, मग भांडी इकली, समदं मला ठावं व्हतं. बैठकीत मी त्याच्याकडंच बघत बसायचो, आज उठंल, आज उठंल. शेवटी एकदा वाटंत गाठून म्हनलो, माग की बाबा. तर म्हनला, नाईक, लढाईत घोटभर पाणी मागितलं न्हाई, आता चारचौघांत हात पसरू व्हय. आन मी तसाच घरी गेलो. नियम माझ्याच हातानं लिवलेला, तो मोडंना मला.

सोनाई गेली. त्या महिन्यालाबी धोंडिबानं आठ आणे माझ्या हातावर ठेवले, म्हनला, मांडून घ्या. मी मांडले. लाज वाटती सांगायला, पर मांडले.

मग तो नियम मीच फाडला. आता आमीच घरोघर फिरतो, चूल पेटली का बघतो, न बोलता पैसं ठेवून येतो. पयल्यांदा धोंडिबाकडंच गेलो. त्यानं नोटांकडं बघितलं आन इचारलं, आता कुणासाठी.

पिंपरीला कारखाने आले, आमच्यातले चौघं तिथं फाटकावर पहारा करतात, ते रुपया देतात, तोबी जातो. खात्यात काय उरत न्हाई. मला आता शिल्लक बघवत न्हाई. तुमच्या घरावर अशी पाळी न येवो, आन आलीच तर मागायच्या आदी कुणाला तरी कळो.